एका चालीसाठी वीस मिनिटे

बाटुमी हे जॉर्जियातले, काळ्या समुद्राकाठचे शहर. २०२५ च्या जुलैत तेथे महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक चालू होता. डाव तेथल्या दुपारी तीनला सुरू होत, म्हणजे आपल्याकडे साडेचारला. कर्जत-खालापूरकडची जुलैतली साडेचारची वेळ ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना या योगायोगाचे मोल वेगळे सांगायला नको. उल्हास आणि पाताळगंगा दुथडी भरलेल्या, माथेरानचा डोंगर ढगांत हरवलेला, अंगणातल्या फरशीवर शेवाळ. सत्तरीपुढच्या माणसांनी अशा दिवसांत घराबाहेर पाऊल टाकू नये, असे आम्हा डॉक्टरांनीच बजावलेले असते. मग घरात बसून करायचे काय? त्या तीन आठवड्यांत माझ्या दवाखान्यातले काही ज्येष्ठ नागपूरच्या दिव्या देशमुखचे डाव पाहत होते. रक्तदाबाची पट्टी दंडाला गुंडाळलेली असतानाही ‘तिने तो घोडा मागे का घेतला असेल?’ हा प्रश्न त्यांना सोडवत नव्हता.

या सदरात आपण खाणे, चालणे, झोपणे यांविषयी बोलत आलो. आज विषय पाहण्याचा आहे. दूर कुठेतरी चाललेला मोठ्या खेळाडूंचा डाव मोबाईलवर चालीगणिक पाहणे आणि पुढची चाल काय असेल याचा विचार करत बसणे हा छंद आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांत चांगलाच रुजू लागला आहे. तो कोणाला मानवतो, कोणाला बाधतो आणि केव्हा, हे मी गेली दोन-तीन वर्षे जवळून पाहतो आहे.

माझे एक रुग्ण रेल्वेतून निवृत्त झालेले आहेत. बोरघाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जी जादा इंजिने जोडतात, ज्यांना रेल्वेची माणसे ‘बँकर’ म्हणतात, त्यांवर त्यांचे आयुष्य गेले. बुद्धिबळ ते रनिंग रूममध्ये शिकले, दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेत. लहानपणी आजोबांकडून देशी खेळही थोडा शिकले होते. त्या खेळात किल्लेकोट नसे. राजाला एकदाच घोड्यासारखी उडी घेता येई. आज ते शहात्तर वर्षांचे आहेत आणि गेली तीन वर्षे अंथरुणाला खिळलेल्या पत्नीची शुश्रूषा करत आहेत. पक्षाघाताने काकूंची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मुलगा पुण्याला असतो, शनिवार-रविवार येतो. सकाळी दोन तास एक बाई मदतीला येते. उरलेले बावीस तास काकांचे.

अशा माणसाला आम्ही डॉक्टर सहजपणे सांगून टाकतो, ‘स्वतःसाठी थोडा वेळ काढा.’ हा वेळ कुठून काढायचा ते मात्र सांगत नाही. भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघाची सहल, नातेवाइकांकडचे लग्न, सगळ्यांसाठी उंबरा ओलांडावा लागतो. दूरदर्शनवरची मालिका अर्धा तास हलू देत नाही. क्रिकेटमध्ये नेमके पाठ फिरवली की गडी बाद होतो. बुद्धिबळाच्या दीर्घ डावाचे तसे नाही. बाटुमीला प्रत्येक खेळाडूला पहिल्या चाळीस चालींसाठी नव्वद मिनिटे होती, त्यानंतर आणखी तीस, आणि शिवाय प्रत्येक चालीमागे तीस सेकंदांची भर. म्हणजे डाव लांबला की चार-चार, पाच-पाच तास. त्यात एखाद्या अवघड जागी खेळाडू वीस-पंचवीस मिनिटे नुसती पटाकडे पाहत बसते. तेवढ्यात काकूंची कूस बदलून होते, पाठीला पावडर लावून होते, घोट घोट पाणी पाजून होते. परत येऊन पाहावे तर पट जिथल्या तिथे.

कूस बदलण्यावरून आठवले म्हणून सांगतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची स्थिती साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. माकडहाड, खुबे आणि टाचा या जागी हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तिचा रक्तपुरवठा थांबतो आणि जखम तयार होते. जखमेच्या आधी लाली येते. ती बोटाने दाबून पाहावी. दाबल्यावर क्षणभर फिकी पडली तर ठीक. लालच राहिली तर त्या जागेवर भार मुळीच देऊ नये आणि डॉक्टरांना दाखवावे. काकांनी वहीत दोन रकाने आखले आहेत. एकात कूस बदलल्याची वेळ, दुसऱ्यात डावातली चाल. मला ती वही औषधांच्या कित्येक पत्रकांपेक्षा चांगली वाटते.

पलंगाशेजारच्या स्टुलावर ते खरा लाकडी पट मांडतात. मोबाईलवर आलेली चाल आधी पटावर करतात आणि करताना मोठ्याने बोलतात. ‘बघ, हत्ती आणला हिने. आता ती काय करते बघू.’ काकूंना बुद्धिबळातले काही कळत नसे आणि आजही कळत नसावे. पण पक्षाघाताने वाचा गेलेल्या माणसाला ऐकू येत असते आणि पुष्कळदा बरेच समजतही असते. घरातले लोक त्याच्याशी बोलणे हळूहळू बंद करतात, किंवा त्याच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलतात. त्याचे दुःख फार मोठे असते. वाचा-उपचारतज्ज्ञ नेहमी सांगतात की छोटी वाक्ये बोला, चेहऱ्याकडे पाहून बोला, उत्तरासाठी थांबा, आणि उत्तर मान हलवून किंवा डोळ्यांनी आले तरी ते उत्तर माना. काकांना हे कोणी शिकवले नव्हते. डावाने त्यांच्या घरात रोज चार तास बोलायला विषय दिला, एवढे खरे. दिव्याने उपांत्य फेरीत चीनच्या तान झोंगयीला १०१ चालींच्या डावात हरवले, त्या संध्याकाळी काकांनी टाळी वाजवली तेव्हा काकूंनी डावा हात चादरीवर आपटला. त्याचा अर्थ मी लावत बसणार नाही. काकांनी लावला आहे.

आता दुसरी बाजू. २०२४ च्या एप्रिलमध्ये कॅनडातल्या टोरांटोला आव्हानवीरांची स्पर्धा झाली. आपल्या नाशिकचा विदित गुजराथी तीत खेळत होता. दुसऱ्याच फेरीत काळ्या मोहऱ्यांनी खेळताना त्याने उंटाचा बळी देऊन अमेरिकेच्या हिकारू नाकामुराला हरवले आणि नाकामुराची ४७ डावांची अपराजित मालिका तोडली. मराठी घरांत त्याचे केवढे कौतुक झाले! पण टोरांटोची दुपारची अडीचची वेळ म्हणजे आपली मध्यरात्र. डाव बाराला सुरू आणि पहाटे चार-पाचला समाप्त, असे जवळजवळ तीन आठवडे.

त्या महिन्यात काका आले तेव्हा त्यांचा रक्तदाब १६८/९६ होता. स्वतःच्या गोळ्या त्यांनी आठवड्यात तीनदा चुकवल्या होत्या. दुपारी खुर्चीतच डोळा लागत होता आणि दोनदा तर तीन-साडेतीन तास गाढ झोप लागून गेली होती. काकूंच्या माकडहाडावर लाली आली होती, आणि ती दाबून फिकी पडत नव्हती.

मी बोललो तेव्हा ते शांतपणे म्हणाले, ‘‘डॉक्टर, दिवसभरात माझ्या मनासारखं काहीच होत नाही हो. रात्री ती झोपली की तेवढा वेळ माझा.’’

हे वाक्य मी अनेक घरांत, वेगवेगळ्या तोंडून ऐकतो. सासूची सेवा करणारी सून रात्री एक वाजेपर्यंत मोबाईल पाहते, त्यामागेही हेच असते. म्हणून ‘बंद करा’ असे मी सांगत नाही. दिवसभर दुसऱ्यासाठी झिजणाऱ्या माणसाकडून त्याचा एकुलता एक विरंगुळा काढून घेणे हा उपचार नव्हे. पण झोप ही त्याला परवडेल तेव्हा घ्यायची चैनही नव्हे. झोप तुटली की रक्तदाब आणि साखर दोन्ही चढतात, चिडचिड वाढते, औषधांत घोटाळे होतात. आणि शुश्रूषा करणाऱ्याच्या घोटाळ्याची किंमत दुसरेच कोणी मोजते.

तोडगा साधा निघाला. रात्रीचा डाव दुसऱ्या दिवशी दुपारी पाहायचा, पण निकाल न कळू देता. काकांनी आधी नाक मुरडले. म्हणाले, शिळा डाव. मी म्हटले, पटावर तो ताजाच असतो. मुलाला सांगून ठेवले की सकाळी फोनवर निकाल बोलायचा नाही. वर्तमानपत्राचे क्रीडा पान मोलकरीणबाई घडी घालून कपाटावर ठेवू लागली, हे काम तिने फार गांभीर्याने केले. दुपारी काका मोबाईलवर एकेक चाल उघडत आणि उघडण्याआधी आपला अंदाज वहीत लिहीत. पुढे त्यांचेच मत पडले की यात मजा अधिक आहे, कारण ‘इथं घड्याळ माझ्या हातात असतं’. काकूंची लाली, गादी बदलून आणि वेळा पाळून, दहा-बारा दिवसांत गेली. विश्वविजेत्याशी गाठ कोणाची पडणार हे ठरवणाऱ्या शेवटच्या फेरीला मात्र ते जागलेच. गुकेशने स्पर्धा जिंकली. एका रात्रीला माझी हरकत नव्हती.

अंदाज वहीत लिहिण्याच्या या सवयीवर मला थोडे थांबायचे आहे, कारण ‘बुद्धिबळ पाहिल्याने स्मृतिभ्रंश टळतो का?’ हा प्रश्न आता दवाखान्यात नियमाने येतो. २००३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींचा पाच वर्षांहून अधिक काळ मागोवा घेतला गेला. त्यांतल्या १२४ जणांना स्मृतिभ्रंश झाला. वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांत ते प्रमाण कमी आढळले. पुढे अनेकांनी त्याचा सोपा अर्थ लावला की बुद्धिबळ हे औषध आहे. तसे सिद्ध झालेले नाही. ज्यांचा मेंदू शाबूत आहे तेच असे छंद टिकवू शकतात, आणि आजाराच्या अगदी आरंभी माणूस नकळत छंद सोडतो, असाही त्याचा अर्थ असू शकतो. शिवाय तो अभ्यास खेळण्याविषयी होता; नुसत्या पाहण्याविषयी नव्हता.

म्हणूनच पाहताना खेळावे. पडद्याच्या कडेला एक काळी-पांढरी पट्टी वरखाली होत असते. कोणाची बाजू किती वरचढ आहे ते संगणक तीत दाखवतो. माझा सल्ला आहे की ती पट्टी बंद करावी, निदान झाकावी. तिच्यामुळे विचार करण्याची गरजच उरत नाही. १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरला विश्वविजेतेपदाचा चौदावा डाव चालला होता. दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट, आणि गुकेशकडे एक प्यादे जास्त. डाव बरोबरीकडे चालला आहे असेच जाणकार म्हणत होते. पंचावन्नाव्या चालीला डिंग लिरेनने हत्ती एफ-२ या घरात आणला. पट्टी तत्काळ एका टोकाला गेली आणि ती पाहणाऱ्या सर्वांना कळले की चूक झाली. काय चूक झाली ते मात्र त्यांतल्या फारच थोड्यांना कळले असेल. पट्टी झाकून बसलेल्याला ते स्वतः शोधावे लागले: हत्तीला हत्ती मारला की डिंगचा उंट ए-८ च्या कोपऱ्यात अडकलेला, त्याच्यासमोर डी-५ वर आपला उंट आणून उभा केला की मारामारी टळत नाही, मग उरतात फक्त राजे आणि प्यादी, आणि तिथे ते एक जादा प्यादे पुरेसे आहे. डाव अठ्ठावन्नाव्या चालीला संपला. हे दुवे ज्याने पटावर हात ठेवून जुळवले, त्याच्या मेंदूने त्या दुपारी काम केले. त्याला दहा मिनिटे लागली की चाळीस, याला महत्त्व नाही. अंदाज चुकला तरी बिघडत नाही. ग्रँडमास्टरांचेही चुकतात, त्या डावात चुकलाच की.

आणि बुद्धिबळ खेळणाऱ्यांनीही बाकीचे विसरू नये. २०२४ च्या ‘लॅन्सेट’ आयोगाने स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी, आटोक्यात आणता येणारी चौदा कारणे मांडली आहेत. त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, धूम्रपान, व्यायामाचा अभाव, नैराश्य, एकाकीपणा तर आहेतच, पण कमी ऐकू येणे आणि उपचार न केलेली अधू दृष्टीही आहे. समालोचन ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवत नेणाऱ्या आजोबांनी आधी कान तपासून घ्यावेत. पांढऱ्या घरांवरचे पांढरे मोहरे नीट दिसत नसतील तर तो बहुधा मोबाईलचा दोष नाही, मोतीबिंदू आहे.

कुटुंबीयांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. कालचा डाव कोणी जिंकला हे आठवत नाही, खेळाडूंची नावे ओठांवर येऊन अडतात, हे वयाप्रमाणे चालायचेच. पण पन्नास वर्षे खेळणाऱ्या माणसाला घोडा कसा चालतो हे आठवेनासे झाले, तोच प्रश्न दहा मिनिटांत तिसऱ्यांदा आला, पैशांचे हिशेब चुकू लागले, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळ होऊ लागला, तर महिनोन्‌महिने वाट पाहू नये. लगेच वाईट अर्थही काढू नये. ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ ची कमतरता (शाकाहारी मंडळींत आणि मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत ती बरीच आढळते), थायरॉइडचे विकार, नैराश्य, झोपेच्या काही गोळ्या, यांमुळेही असे होते आणि ते सुधारता येते. आवडता छंद अचानक सुटणे हेही लक्षण आहे. ‘आताशा बघत नाहीत काही, बसून असतात’ हे सुनेने दिलेले वर्तमान मला पुष्कळदा तपासणीपेक्षा अधिक सांगून जाते.

बसण्याविषयी थोडक्यात. मोबाईल मांडीवर ठेवून मान वाकवू नका, डोळ्यांच्या पातळीला टेकवून ठेवा. मोठ्या टीव्हीवर लावता आला तर उत्तम. पडद्याकडे टक लावली की पापण्या कमी मिटतात आणि डोळे चुरचुरतात, तेव्हा प्रत्येक चालीनंतर खिडकीबाहेर पाहा. पाऊण तासाने उठा. पण एकदम उठू नका. बराच वेळ बसून झटकन उभे राहिले की रक्तदाब उतरतो आणि तोल जातो. प्रोस्टेटच्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर आधी पाय हलवावेत, काठावर बसावे, मग उठावे. ‘एवढी चाल होऊ दे’ म्हणत लघवी रोखून धरू नये. पाणी हाताशी असावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी ज्यांना पाण्याचे प्रमाण ठरवून दिले आहे त्यांनी तेवढेच घ्यावे. आणि डाव पाहायला कोणालाही ओटीपी द्यावा लागत नाही. लिचेससारखे संकेतस्थळ पूर्णपणे मोफत आहे, जाहिरातीही नाहीत. कोणी पैसे मागितले की फोन नातवाच्या हाती द्या.

वेळा मात्र आधी पाहून ठेवाव्यात. बाटुमी साडेचारला, सिंगापूर अडीचला, नोव्हेंबर २०२५ मध्ये गोव्यात झालेला विश्वचषक तर आपल्याच घड्याळाने दुपारी. हे सारे वृद्धांना सोयीचे. अमेरिका खंडातले सामने दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवावेत.

बाटुमीची अंतिम फेरी नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्यामध्ये आणि अडतीस वर्षांच्या कोनेरू हंपीमध्ये झाली. हंपी २००२ मध्ये ग्रँडमास्टर झाली तेव्हा दिव्या जन्मलीही नव्हती. दोन्ही दीर्घ डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैच्या सोमवारी जलद डाव झाले. त्यांत चालीला वीस मिनिटे नसतात, सगळ्या डावालाच पंधरा मिनिटे आणि चालीमागे दहा सेकंद. काकांनी त्या दिवशी आधीच ठरवले होते. साडेचारच्या आत काकूंचे सगळे आटोपले, शेजारच्या वहिनींना तासभर बसायला बोलावले, आणि पट मांडलाच नाही. ‘‘आज हात पुरायचा नाही,’’ म्हणाले, ‘‘आज नुसतं बघायचं.’’ दुसऱ्या जलद डावात काळ्या मोहऱ्यांनी दिव्या जिंकली, विश्वचषक तिचा झाला आणि त्याच क्षणी ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर ठरली. आईच्या गळ्यात पडून ती रडली, ते सगळ्यांनीच पाहिले. तिचे आईवडील दोघेही डॉक्टर आहेत, ही गोष्ट काकांनी मला पुढच्या भेटीत जरा रोखूनच सांगितली.

त्या शेजारच्या वहिनी आता सोमवार आणि गुरुवार, संध्याकाळी तासभर येऊन बसतात. स्पर्धा असो वा नसो. काका तेवढ्या वेळात स्टेशनपर्यंत चालून येतात.